गाऊनवर ओढणी

मुंबईतल्या चारकोप मार्केटमधल्या कुठल्याही कपड्याच्या दुकानात ‘गाऊन दाखवा’ म्हटलं, की दुकानदाराचे प्रश्न ठरलेले असतात. कॉटन हवा की होजिअरी? पुढे चेन की बटणं? खिशाचा की बिनखिशाचा? एक्सेल चालेल की डबल एक्सेल काढू? हे विचारून होईपर्यंत हाताखालच्या पोराने फळीवरून घड्यांची चळत उतरवलेलीही असते. बारीक फुलांचे, बाटिकचे, गळ्याशी भरतकामाची पट्टी लावलेले, बाह्यांना झालर असलेले. गिऱ्हाईक एक गाऊन उलगडून खांद्याला लावतं, लांबी घोट्यापर्यंत येते का बघतं आणि रंग जाणार नाही ना, असं विचारून दोन घेऊन जातं. घालून बघायचा प्रश्नच येत नाही.

हाच शब्द उच्च न्यायालयात वकिलाच्या खांद्यावर काळा होऊन बसतो. पदवीदान समारंभात तो विद्यार्थ्याला तासाभरासाठी भाड्याने मिळतो. इस्पितळात तो हिरवा असतो आणि पाठीमागे नाड्यांनी बांधतात. लग्नाच्या स्वागतसमारंभात नवरीचा घेरदार गाऊन सावरायला दोन करवल्या लागतात. एवढे अर्थ असूनही मराठी माणसाचा घोटाळा होत नाही. ‘ती गाऊनवरच खाली आली’ हे वाक्य ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे वकीलबाई उभ्या राहत नाहीत.

न्यायाधीश, पदवीधर आणि राजघराण्यातल्या स्त्रिया यांच्या मानाच्या पोशाखाचं नाव मुंबईच्या उपनगरात भांडी घासताना घालायच्या कपड्याला कसं चिकटलं? या प्रवासाचा माग काढताना कापडाचा इतिहास कळतोच, त्याहून जास्त कळतो घराचा.

जुनेर ते गाऊन

‘गाऊन’ मूळचा लॅटिन. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘गुन्ना’ म्हणजे केसाळ कातड्याचा अंगरखा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि चर्च, न्यायालय व विद्यापीठ या तीन ठिकाणी स्थिरावला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या पिढीच्या मराठी सुशिक्षितांसाठी गाऊन म्हणजे विद्येची झूल. दुसरा अर्थ ठाऊक होता तो मडमांच्या पायघोळ पोशाखाचा, आणि तो लांबूनच बघायचा होता.

त्या काळी मराठी बाई घरात काय नेसत होती? जे बाहेर नेसत होती तेच. नऊवारी लुगडं देवळात जाताना होतं, विहिरीवर होतं आणि चुलीपुढेही होतं. घरचा वेगळा आणि बाहेरचा वेगळा, अशी कपड्यांची विभागणी नव्हती. होती ती सोवळ्या-ओवळ्याची. स्वयंपाकाला धूतवस्त्र, पूजेला मुकटा किंवा धाबळी. या व्यवस्थेत सर्वांत कडक नियम घराच्या आत, स्वयंपाकघर आणि देवघराच्या दारात होते. घरात सैल आणि बाहेर कडक ही आपली आजची समजूत त्या घराला उलटीच वाटली असती.

तरीही घरच्या कपड्याला मराठीत एक नेमका शब्द होता: जुनेर. जुनं झालेलं, विटलेलं, कुठेतरी सांधलेलं लुगडं. हे कपड्याच्या प्रकाराचं नाव नव्हतं, कपड्याच्या वयाचं होतं. लुगडं आधी सणावाराला नेसलं जाई, मग रोजच्या वापरात येई, मग त्याचं जुनेर होई. जुनेराची पुढे गोधडी होई किंवा बाळाचं दुपटं, आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. घरातल्या बाईच्या वाट्याला या साखळीतली मधली कडी येई. केवळ घरात घालण्यासाठी नवं वस्त्र विकत आणायचं ही कल्पनाच त्या अर्थव्यवस्थेत बसत नव्हती.

गाऊनचं वेगळेपण इथे आहे. मध्यमवर्गीय मराठी बाईने घरात वावरण्यासाठी मुद्दाम पैसे मोजून आणलेलं, अंगावर पहिल्यांदा चढतानाही नवंच असलेलं हे बहुधा पहिलं वस्त्र. गाऊन ‘अवतार’ दिसतो म्हणून नाकं मुरडणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

तो आला त्यामागे सौंदर्यदृष्टी कमी आणि हिशोब जास्त होता. पाचवारी साडी म्हटली की परकर आणि ब्लाऊज आलं, म्हणजे रोज तीन कपडे धुवायचे. साडी वाळत घालायला पाच मीटरची दोरी हवी, आणि मुंबईतल्या खोलीची लांबीच कित्येकदा तेवढी नसते. ब्लाऊज अंगाला घट्ट, आणि हवा मेची असो वा ऑक्टोबरची, घामट. नळाला पाणी येतं ठरलेल्या वेळी, बहुतेकदा पहाटे. लोकलमधून घामाघूम होऊन साडेसातला घरी पोचणाऱ्या बाईला साडी उतरवून पुन्हा घरची साडी नेसण्यात दहा मिनिटं घालवणं परवडत नाही. गाऊन डोक्यातून खाली येतो आणि कामाला लागता येतं. गरोदरपणात तो सैल पडतो, बाळाला पाजताना चेन कामी येते, दुखण्यातून उठलेल्या सासूला घालायला सोपा जातो.

शब्दाचंही थोडं पाहायला हवं. इंग्रजीत हा कपडा ‘नाईटगाऊन’. दक्षिणेने त्यातला ‘नाईट’ ठेवला. केरळ-तमिळनाडूत तो ‘नायटी’ झाला. मुंबईच्या मराठीने ‘नाईट’ टाकून ‘गाऊन’ तेवढा ठेवला. रात्र नावातूनच गळाल्यामुळे दिवसा तो घालायला भाषेची तरी हरकत उरली नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही ‘नाईटगाऊन’ झोपताना घालत नसत. बायकांच्या दिवसाच्या साध्या, अनौपचारिक पोशाखाला ते नाव होतं. चारकोपच्या गृहिणीने इंग्रजी शब्दाचा गैरवापर केला असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की अडीचशे वर्षांपूर्वीच्या लंडनकर बाईला तिचा वापर अगदी बरोबर वाटला असता.

पंचवीस मीटरचं घर

गाऊनचा अर्थ कुठे पक्का झाला हे पाहायला चारकोपसारखी जागा नाही. कांदिवली पश्चिमेचं हे उपनगर आपोआप वाढलेलं नाही, आखलेलं आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. म्हाडाने त्यात तयार इमारती बांधण्याऐवजी भूखंड आखले, रस्ते-पाणी-गटारं दिली आणि घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावं असं ठरवलं. ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ असं त्या पद्धतीचं नाव. चारकोप, गोराई, मालवणी इथे अशा वसाहती उभ्या राहिल्या. अल्प उत्पन्न गटांना लहान भूखंड मिळाले. आजही चारकोपमध्ये घराचं वर्णन खोल्यांवरून होण्याआधी मीटरवरून होतं: पंचवीस मीटरचं घर, तीस मीटरचं, चाळीस मीटरचं. चौरस हा शब्द कोणी उच्चारत नाही.

या आखणीतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंगण. साधारण ३५ घरं एका मोकळ्या चौकाभोवती मांडायची आणि त्यांची मिळून एक सहकारी सोसायटी, अशी ही रचना. आधी बैठी असलेली घरं पुढे एकमजली, दुमजली झाली. पोटमाळा चढला, वरची खोली भाड्याने गेली. जागतिक बँकेच्या वर्तुळात असे प्रकल्प एके काळी फसलेले मानले जात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई आणि चेन्नईतल्या अशा वसाहती वीस वर्षांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्या चांगल्या नांदत्या निघाल्या. लोकांनी घरं हळूहळू वाढवली होती, आणि गरीब-मध्यमवर्गीय शेजार टिकला होता.

पंचवीस मीटरच्या घरात सगळी कामं मावत नाहीत. पापड वाळवणं, गहू निवडणं, मुलाला भरवणं, भाजीवाल्याशी घासाघीस, नळाच्या वेळेवरून वाद, संध्याकाळच्या गप्पा हे सगळं चौकात येतं. चौक रस्ता नव्हे, कारण तिथे पस्तीस घरं सोडून फारसं कोणी फिरकत नाही. तो घरही नव्हे, कारण शेजारच्या काकांची नजर तिथे आहे. या अधल्यामधल्या जागेला साजेसा कपडा हवा होता. साडी तिथे जास्त होते आणि नुसता परकर-ब्लाऊज कमी. गाऊनने ती जागा नेमकी भरून काढली.

मग त्याचे नकाशे तयार झाले. ते कोणी लिहिले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. घरात गाऊन नुसता. चौकातही नुसता, मात्र जावई आले असतील तर खांद्यावर ओढणी. सोसायटीच्या फाटकाबाहेर, दूध-पावासाठी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, ओढणी असलीच पाहिजे. ती सापडली नाही तर टॉवेल, नॅपकिन, मुलीचा स्टोलही चालतो. मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला ओढणी आणि केस बांधलेले. भाजीबाजारात गाऊन चालतो की नाही यावर मतभेद आहेत आणि ते वयानुसार बदलतात. स्टेशनवर, बँकेत, शाळेच्या पालकसभेत गाऊन नाही.

या नकाशात ओढणी काय करते? ती अंग झाकते हे खरं, पण गाऊन गळ्यापासून घोट्यापर्यंत आधीच सगळं झाकून असतो. साडीत दिसणारी कंबर-पाठ गाऊनमध्ये दिसत नाही. ओढणी खरं तर घोषणा करते: मी घराबाहेर पडले आहे हे मला माहीत आहे. दाराला जशी कडी, तशी गाऊनला ओढणी. ती लावली की आतली जागा आत राहते, मग बाई कोपऱ्यापर्यंत चालत का गेलेली असेना.

म्हणून शब्दकोशात ‘गाऊन: स्त्रियांचा घरी घालावयाचा सैल पायघोळ कपडा’ एवढा अर्थ देऊन भागत नाही. घर कुठे संपतं हे प्रत्येक वस्तीत वेगळं ठरतं आणि त्याप्रमाणे शब्दाचा पल्ला बदलतो. आता मेट्रोची २अ मार्गिका २०२२ पासून शेजारून धावते आहे आणि पुनर्विकासाच्या चर्चा गल्लोगल्ली आहेत. बैठ्या घरातून बाराव्या मजल्यावर गेलेल्या बाईला पहिला प्रश्न पडतो तो लिफ्टचा. लिफ्ट घर की रस्ता? चौकात दहा वर्षं बिनदिक्कत गाऊनवर वावरलेली बाई लिफ्टच्या चार भिंतींत अनोळखी माणसासोबत उभी राहताना ओढणी शोधू लागते. बाईही तीच असते आणि गाऊनही तोच; उंबरठा तेवढा सरकलेला असतो.

मॅक्सी: दोन पिढ्या, एक शब्द

कोकणात, ठाणे-रायगडच्या गावांत आणि पश्चिम महाराष्ट्रात याच कपड्याला ‘मॅक्सी’ म्हणतात. त्या शब्दाचा जन्म फॅशनच्या मासिकांतला. १९६०च्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये ‘मिनी’ स्कर्टची लाट आली. दशक संपता संपता तिला उत्तर म्हणून घोट्यापर्यंतचे स्कर्ट आणि झगे आले, आणि मिनीच्या उलट म्हणून ते ‘मॅक्सी’ ठरले. सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटांच्या नायिकांनी ते घातले आणि शब्द शिंप्यांपर्यंत पोचला. गावाकडे पोचेपर्यंत त्यातली पार्टी, क्लब, विमानतळ हे सगळं गळून लांबी तेवढी उरली.

गंमत अशी, की तोच शब्द आता पुन्हा दुकानांतल्या काचेमागे परत आला आहे. कॉलेजात जाणारी मुलगी ‘मॅक्सी घेतली’ म्हणते तेव्हा ती वाढदिवसाला घालायच्या लांब ड्रेसबद्दल बोलत असते, आणि गावाहून आलेली आजी विचारते, ‘अगं, मग ती घालून बाहेर कशाला जातेस?’ दोघींचं म्हणणं आपापल्या शब्दकोशाप्रमाणे बरोबर असतं.

पाचशे रुपयांची व्याख्या

शब्दाचा पल्ला बहुधा नजरेने, टोमण्याने, सासूच्या खाकरण्याने ठरतो. कधीकधी तो लिहूनही काढला जातो. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात तसं घडलं. तिथल्या महिला मंडळाने ठरवलं, की दिवसा गाऊन घालून घराबाहेर फिरणं सभ्यतेला धरून नाही आणि जी फिरेल तिला ५०० रुपये दंड. बातमी देशभर गेली, परदेशी वृत्तसंस्थांनीही उचलली. पुढे २०१८ साली आंध्र प्रदेशच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलापल्ली गावाने असाच नियम केला. तिथे सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी वेळ होती आणि दंड दोन हजार रुपये.

या बातम्या वाचून शहरी वाचक हसले, पण गोठिवलीचा संदर्भ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नवी मुंबईतली अशी गावं म्हणजे चहूबाजूंनी शहराने वेढलेली गावठाणं. जिथे पूर्वी सगळे नात्यातले आणि ओळखीचे होते, तिथे भाडेकरू आले, रस्ते रहदारीचे झाले, अनोळखी माणसं येऊ-जाऊ लागली. ओळखीच्या माणसांत गाव हेच मोठं अंगण होतं, आणि अंगणात गाऊन चालत होता. अनोळखी माणसं आली तसं अंगणाचं शहर झालं आणि नेमका तेव्हा नियम आला. चारकोपच्या बाईला जो प्रश्न लिफ्टमध्ये पडतो तोच गोठिवलीला रस्त्यावर पडला होता: आपलं घर आता नक्की कुठे संपतं?

उत्तर मात्र एकाच बाजूने काढलं गेलं. रस्त्यावर वाढलेल्या अनोळखी नजरांचा बंदोबस्त करणं अवघड होतं; बायकांच्या कपड्यांचा करणं सोपं. शिवाय नियम करणाऱ्या बायकाच होत्या, त्यामुळे त्यावर टीका करणंही अवघड झालं. चौकाचौकातली ओढणीची शिस्तही बायकाच पाळतात आणि पाळायला लावतात. आपल्या वस्तीची अब्रू आपल्या कपड्यांवर मोजली जाणार हे त्यांना पक्कं माहीत असतं.

दोरीवरचे शेजारी

आता त्याच घरातल्या पुरुषाकडे वळू. रविवारी सकाळी चारकोपच्या चौकात तो बनियन आणि बर्मुडावर स्कूटर धुतो, तशाच वेशात नाक्यापर्यंत जाऊन वर्तमानपत्र आणि कोथिंबीर आणतो. खांद्यावर टॉवेल असलाच तर घाम पुसायला. त्याच्या या दोन्ही कपड्यांची नावं फार हिंडून आलेली आहेत.

‘बनियन’ निघाला गुजरातेतून. गुजराती ‘वाणियो’ म्हणजे वाणी, व्यापारी. पोर्तुगिजांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला. इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासजवळ एका वडाखाली या व्यापाऱ्यांचं देऊळ होतं, त्यावरून इंग्रजीत वडाच्या झाडालाच बनियनचं झाड म्हणू लागले. सतराव्या-अठराव्या शतकात पूर्वेकडचे सैल, सुती-रेशमी झगे युरोपात गेले आणि त्यांनाही इंग्रजीत बनियन हेच नाव मिळालं. तिथले प्रतिष्ठित पुरुष बाहेर घट्ट कोट आणि डोक्यावर केसांचा टोप घालत. घरी आले की टोप काढून मऊ टोपी घालायची आणि अंगावर हा झगा चढवायचा. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला लंडनचा अधिकारी सॅम्युएल पीप्स याने १६६१ साली असा एक भारतीय झगा विकत घेतला. १६६६ साली चित्रकारापुढे बसायची वेळ आली तेव्हा मात्र त्याने मुद्दाम दुसरा एक झगा भाड्याने आणला.

घरच्या कपड्यांत तैलचित्र काढून घेणं ही तेव्हा कमीपणाची गोष्ट नव्हती. अमेरिकेतले डॉक्टर बेंजामिन रश यांचं चार्ल्स विल्सन पील याने १७८३ साली काढलेलं चित्र अशाच झग्यातलं आहे. सैल कपड्यांत बुद्धी मोकळेपणाने चालते असं खुद्द रश यांचंच मत होतं. विद्वान, शास्त्रज्ञ, व्यापारी यांची अशी कितीतरी चित्रं आहेत. काही हौशी मंडळी सकाळी याच वेशात कॉफीगृहातही जात. त्यांची टिंगल झाली, दंड कोणी केला नाही.

या झग्याला तेव्हाचे इंग्रज तीन नावांनी ओळखत: बनियन, नाईटगाऊन आणि इंडियन गाऊन. म्हणजे लंडनमध्ये जी एकाच कपड्याची नावं होती, त्यांतली दोन आज चारकोपच्या एकाच दोरीवर दोन वेगळे कपडे होऊन शेजारी-शेजारी वाळत असतात. बायकोचा तो गाऊन झाला, नवऱ्याचा आखडत आखडत बिनबाह्यांचा बनियन झाला.

हे आखडणं कसं झालं याची नोंद यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात सापडते. तिथे बनियनचा अर्थ शर्टाखाली घालायचा कपडा असा दिला आहे. आधी तो मलमलीचा असे, मग विणलेल्या लवचीक कापडाचा झाला. पुढे होजिअरीचे कारखाने निघाले आणि शब्द त्या कपड्यालाच बांधला गेला. तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये आज जगभरच्या दुकानांसाठी टी-शर्ट शिवले जातात, तरी तिथला कामगार कारखान्याला अजून ‘बनियन कंपनी’च म्हणतो.

मराठीत याच कपड्याला दुसरं नाव आहे, गंजीफ्रॉक. आजोबांच्या पिढीला हेच जास्त जवळचं. त्याचा उगम इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरचा. तिथल्या कोळ्यांचा जाड लोकरी, विणीचा सदरा म्हणजे ‘गर्न्सी फ्रॉक’. तो खलाशांनी उचलला, खलाशांबरोबर बंदरांवर आला आणि लोकर सोडून सुती झाला. थंड समुद्रावर वारा अडवण्यासाठी जन्मलेला कपडा मुंबईत घाम टिपायच्या कामाला लागला.

बर्मुडाची कथा सर्वांत उलटी. अटलांटिक महासागरातल्या बर्मुडा बेटावर गुडघ्यापर्यंतची ही विजार औपचारिक पोशाखात मोडते. तिथला बँक अधिकारी कोट, टाय, गुडघ्यापर्यंत मोजे आणि बर्मुडा अशा थाटात कामावर जातो. ऑलिम्पिकच्या उद्घाटनालाही त्या बेटाचा संघ याच विजारीत संचलन करतो. आपल्याकडे मात्र ‘बर्मुडावर आलास?’ हा प्रश्न कधीच कौतुकाचा नसतो.

‘लेंगा’ हा शब्द तर हद्द ओलांडताना बाईचा पुरुष झाला. हिंदीत लहंगा म्हणजे स्त्रियांचा घेरदार घागरा. मराठीत लेंगा म्हणजे पुरुषांचा सैल पायजमा. लेंगा-सदरा-टोपी या वेशात एक अख्खी पिढी शाळा, ग्रामपंचायत आणि विधानसभेत वावरली. आज शहरात लेंगा झोपताना उरला आहे, तर ‘लहंगा’ हिंदी रूपातच परत येऊन मराठी लग्नांच्या संगीत-मेंदीत मिरवतो आहे.

आणि डोंगरी? मुंबईच्या डोंगरी भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या व्यापारी कागदपत्रांत दिसतं. त्या कापडाच्या विजारी खलाशी आणि कामगार घालू लागले, तेव्हा इंग्रजीत त्यांना ‘डंगरीज’ म्हणू लागले. चारकोप मार्केटमध्ये आज लहान मुलांसाठी ‘डंगरी’ मागितली, तर खांद्यावर पट्टे असलेली जीन्सच्या कापडाची विजार मिळते. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या वस्तीचं नाव तिने घेतलेलं असतं, पण लंडनची फेरी मारून. घेणाऱ्या आईला ती विलायती फॅशन वाटते.

चढण आणि उतरण

एवढे शब्द शेजारी मांडले की त्यांची हालचाल दिसू लागते. मानाचे कपडे खाली उतरतात आणि कष्टाचे वर चढतात. गाऊन विद्यापीठातून मोरीत उतरला. नऊवारी शेतातून, मासळीबाजारातून वर चढली; आता ती शिवून मिळते आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मोटारसायकलवर दिसते. चारकोपच्या जुन्या गावठाणासारख्या मुंबईभरच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, बायका रोज नेसत ते चौकड्यांचं लुगडं आज त्यांच्या लग्नसमारंभांत आणि उत्सवांत अभिमानाने नेसलं जातं. जीन्सही खाणीतल्या मजुरांच्या अंगावरून आली, तरी तिची चढण सरळ झाली नाही: महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं, तेव्हा जीन्स आणि टी-शर्टला कार्यालयात मज्जाव करून शुक्रवारी खादी वापरायला सांगितलं.

हवाई बेटांवर हा खेळ पूर्ण एका फेरीत झाला. १८२०मध्ये तिथे आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी स्थानिक बायकांना गळ्यापासून पायापर्यंत झाकणारे झगे शिवायला लावले. त्या झग्यांच्या आत घालायचा सैल, बिनपट्टीचा झगा म्हणजे ‘मुमू’. आतला मुमू पुढे घरचा कपडा झाला, मग बाहेरचा, आणि आता हवाईत लग्नालाही मुमू घालून जातात. तिथे वस्त्र बाहेरच्यांनी आणलं, पण त्याचा मान बायकांनी घालून घालून ठरवला.

गाऊनलाही अशी चढण लागेल का? बाजाराने सुरुवात केली आहे. तोच सैल, पायघोळ, सुती कपडा, छापाचं काम जरा वेगळं, गळ्याशी नाडी, आणि नाव ‘काफ्तान’ किंवा ‘लाउंजवेअर’. मार्केटमधले तीन-चार गाऊन यावेत एवढं मोल देऊन तो मॉलमधून घेतला जातो आणि विमानतळावर घालता येतो. त्यावर ओढणी लागत नाही. कापडात फरक थोडा आहे. फरक आहे तो घालणारीच्या ऐपतीत आणि बघणाऱ्याच्या धाकात.

घरच्या कपड्याच्या शब्दाला अर्थ उंबरठ्यावर मिळतो, आणि उंबरठा सगळ्यांसाठी सारख्या उंचीचा नसतो. पीप्सच्या गाऊनला प्रतिष्ठा मिळाली, कारण ज्याच्याकडे निवांतपणा आहे असा पुरुष त्याच्या आत बसला होता. चारकोपच्या गाऊनला ती मिळाली नाही, कारण त्याच्या आतली बाई कामात असते आणि काम करणाऱ्या बाईच्या सोयीला आपण अजून पोशाख मानत नाही, अवतार मानतो. बनियनवर कोथिंबीर आणायला जाणाऱ्या नवऱ्याला कुठल्याही मंडळाने आजवर पाचशे रुपये मागितलेले नाहीत. ‘गाऊन’ या शब्दाचा पुढचा अर्थ कोशकार ठरवणार नाहीत आणि फॅशनवालेही नाहीत. ज्या दिवशी चौकातून नाक्यापर्यंत जाताना ओढणी राहून गेली आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही, त्या दिवसापासून कोशातली नोंद जुनी झालेली असेल.